कुशीवरचे बंद

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, कामधंदा शिवणकाम, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "आजी, तुमचा माझ्यापेक्षा बरा आहे." तोच शुद्धीचा दाखला धरावा. कुणाचा दबाव नाही. उद्या इथेच, रुग्णालयात, पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात साधीच आहे, पण पोट माझं आहे, त्यांचं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

हे लिहायला निमित्त माझा भाचा. परवा त्याला म्हटलं, एक वही आणून दे, मृत्युपत्र करायचंय. तो हसला. "मावशी, मृत्युपत्रं मोठ्या माणसांची असतात गं. तू लिहिलंस काय, न लिहिलंस काय, जगाला काय फरक पडतो?" पोरगा मनानं वाईट नाही, जिभेला हाड नाही इतकंच. पण तो प्रश्न डोक्यात बसला तो उठेना. खरंच, माझ्यासारखीनं जगाला फरक पडतो का? पडत असेल तर कसा, आणि पडला हे कळतं कसं? तेव्हा हे कागद वाटणीचे आहेत तसेच थोडे चौकशीचेही आहेत.

कलम एक. शिवणयंत्र आणि अंगुस्तान भाचेसुनेला. घरी येणाऱ्यांत तीच एक त्या यंत्राला तेल घालते, बाकीचे त्याच्यावर किल्ल्या ठेवतात. बँकेत असेल त्यातून आधी माझा शेवटचा खर्च भागवावा, उरेल ते भाच्याला. पुस्तकांचं कपाटही त्यालाच, पुस्तकांसकट. चुकून एखादं उघडेल.

कलम दोन. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज कुंड्यांना पाणी घालतात आणि ते माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं. अकरा वर्षं सांगतेय, पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना माझी मोठी छत्री द्यावी. त्यांनी ती उलटी करून कुंड्यांखाली टांगावी.

कलम तीन. आता मुख्य. तिसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर, गळक्या नळासकट, मी जिला सत्तेचाळीस वर्षं कात्री म्हणते आणि जी गेली वीस वर्षं माझ्याबरोबर राहते, तिला. भाच्या, लगेच तोंड वाकडं करू नकोस. आधी पुढचं वाच.

चोविसाव्या वर्षी मी याच रुग्णालयाच्या शिवणखोलीत लागले. तळघरात आठ यंत्रं आणि एक लांब टेबल. टेबलाशी कात्री. ती कापायची, आम्ही शिवायचो. कापडाच्या कडेला ती कात्रीच्या टोकानं इवलीशी खाच मारायची. जिथे खाच, तिथे बांधायचे बंद लावायचे. रुग्णांचे गाऊन मागून उघडे असतात, आणि तेव्हा त्यांचे कमरेचे बंद पाठीवर असायचे. आमच्या मुख्य बाई हातात सदैव लाकडी पट्टी घेऊन फिरत, म्हणून त्या पट्टीबाई.

तिसऱ्याच आठवड्यात, जेवणानंतर पेंगत पेंगत मी चाळीस गाऊनचा गठ्ठा शिवला. दोन दिवसांनी पट्टीबाई त्यातला एक हातात घेऊन खाली आल्या. कमरेचे बंद पाठीवर नव्हते, कुशीवर होते! गळा मात्र झकास बसला होता. एवढं आठवतं, कारण बाकी कुठे बघायची माझी हिंमतच नव्हती. मला चटकन उमगलं, की झोपेच्या तारेत मी पाठीचा डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला असणार. मग पाठीकडची खाच कुशीवर येणारच.

"हे कुणी केलं?" पट्टीबाई ओरडल्या. मी तोंड उघडलं नाही. कात्री शांतपणे म्हणाली, "खाचा माझ्या आहेत." त्याच दिवशी तिला घरी पाठवलं, ते कायमचं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला आजवर टोचतंय.

गंमत पुढेच आहे. ते गाऊन उसवायचा हुकूम निघाला, पण तोवर ते धुलाईत इतरांत मिसळून गेले होते. पंधरा दिवसांनी बायकांच्या वॉर्डातली आया जिना उतरून आली. "ते चुकलेले गाऊन आणखी आहेत का हो? बायका भांडतायत त्यांच्यावरून." का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आपले आपल्याला बांधता येतात ना! पाठ धरून चालायला नको." वर्षभरात पट्टीबाईंनी सगळेच गाऊन तसे शिवायला लावले आणि 'रुग्णसोयीची अभिनव कल्पना' म्हणून प्रमाणपत्र मिळवलं. आयत्या बिळावर नागोबा! ते प्रमाणपत्र अजून जिन्यात टांगलेलं आहे. परवा स्ट्रेचरवरूनही मला दिसलं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणी दवाखान्यातून घरी आलं की मी आधी विचारते, "बंद कुठे होते हो?" तब्येत नंतर. लोक मला थोडी सटकलेली समजतात. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर नोंदी आहेत. डोळ्यांचा दवाखाना, बाजूला. प्रसूतिगृह, बाजूला. भाच्याच्या परदेशातल्या मित्राचं हाड मोडलं तेव्हा मी त्याचा फोटो मागवला होता. बाजूला! दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. मग वाटलं, तिथेही एखादी दुपारची पेंगणारी असेलच की. आमच्या गठ्ठ्यामुळे किती झालं आणि आपसूक किती, हे वेगळं कसं काढायचं? मला अजून जमलेलं नाही. कॅलेंडरं भाच्याला. प्रश्न त्यानं विचारला, आता त्यानंच निस्तरावं.

वीस वर्षांपूर्वी छत्री घ्यायला गेले, तर दुकानामागच्या खोलीत कात्री छत्र्यांचं कापड कापत बसलेली. एकटीच राहत होती. मी म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन हजर. ती मैत्रीखातर आली. मैत्री माझीही होती, पण तिच्या मुळाशी माझा अपराध होता. वीस वर्षं तिच्या हातचा चहा पितेय आणि रोज ठरवतेय, आज सांगायचं. ओठांवर येतं आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जातं.

म्हणून, माझ्या चुकीनं तिची नोकरी गेली त्याची भरपाई म्हणून माझं राहतं घर तिला. त्या दिवशी टेबलावर राहिलेली तिची मोठी कात्री मी पलंगाखालच्या डब्यात जपून ठेवली आहे, तीही तिला. ती मला माफ करील का, ठाऊक नाही. आणि ते कळायला उद्यानंतर मी असेनच असंही नाही. शस्त्रक्रियेची नाही, याची मला भीती वाटते.

कलम चार. मध्येच लिहिणं थांबलं, त्याचं कारण नोंदवते. आमच्या इमारतीतल्या वकीलबाई भेटायला आल्या होत्या. कात्री उशाशी बसली होती. वही चाळून वकीलबाई तिला म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून तुम्ही सही करू नका. ज्याला काही मिळतंय त्यानं सही केली की घोटाळा होतो."

"मला? मला काय मिळतंय?" असं म्हणून कात्रीनं माझ्या हातातली वही घेतली, चष्मा लावला आणि तिसरं कलम वाचायला बसली. ती फार सावकाश वाचते. मी खिडकीकडे बघत राहिले.

"तू तुकडे उलटे लावलेस?"

"हो गं."

"अगं बावळटे, पाठीचे तुकडे उलटे लागले असते तर गळ्याचा काप बगलेत गेला असता! गळा कसा होता?"

"झकास," मी म्हटलं.

"मग?"

तीस वर्षं गाऊन शिवले, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"खाच मी सरकवली होती," कात्री म्हणाली. "मुद्दाम. माझी वहिनी होती या वॉर्डात. खांद्याला टाके, हात मागे जाईना. संडासला जाताना एका हातानं पाठ धरायची, मग भिंत कशानं धरायची? पडली एकदा. पट्टीबाईंना जाऊन सांगितलं, तर म्हणे बंद पाठीवरच असतात. म्हटलं, एका गठ्ठ्यावर करून तर बघू काय होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला कळलंय! खाच भलतीकडे दिसत असून मुकाट शिवलंस, पट्टीबाईंसमोर ब्रसुद्धा काढला नाहीस. म्हटलं, नवी पोरगी पक्की आहे, आपल्या बाजूची आहे. म्हणून तर हसले. म्हणून तर बोलावल्याबरोबर पेटी घेऊन आले."

"मी पेंगत होते गं."

"ते आज कळलं!"

मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की सिस्टर बघायला आल्या, कुणाला काय झालं. हसता हसता मला रडू आलं. कात्रीनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि वही पुढे केली. "तो भरपाई शब्द खोड. अपराधाच्या घरात मी राहणार नाही."

"आणि घर?"

"घर दे की. पण मैत्रीण म्हणून दे."

सबब, कलम तीनमधला 'भरपाई' हा शब्द रद्द. घर माझ्या मैत्रिणीला, ती माझी मैत्रीण आहे म्हणून. दुसरं कारण जोडू नये. भाच्या, उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही, पण जरा पुढे सरकलंय. एकीनं खाच सरकवली, एक पेंगत होती, आया जिना उतरून आली, बायका भांडल्या, आणि खरं सांगायचं तर हुकूम पट्टीबाईंनी काढला. यातली एखादी त्या दिवशी रजेवर असती तर? पट्टीबाईंवरचा माझा निम्मा राग मागे घेते. उरलेला निम्मा बरोबर नेईन.

कलम पाच. हे नसतं लिहिलं, पण आत्ताच सिस्टर उद्याचा गाऊन ठेवून गेल्या. कोरा, पाकिटातला. उघडून पाहिला, तर बंद पाठीवर! शिवणखोली बंद होऊन बारा वर्षं झाली, आता गाऊन बाहेरून येतात. सिस्टर म्हणाल्या, "आजी, हल्ली असेच येतात." माझा जीव एवढासा झाला. सगळी कॅलेंडरं डोळ्यांपुढून गेली.

कात्रीनं गाऊन उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि पर्समधून सुईदोरा काढला. "मला नेढं दिसत नाही. तू ओव."

मी ओवला. ती बंद उसवत असताना सिस्टर परत आल्या. ओरडतील असं वाटलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, पडदा ओढून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "त्या अकरा नंबरच्या आजींचाही हात मागे जात नाही हो."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. घाई नाही.

स्थळ: बायकांचा वॉर्ड, खाट क्रमांक नऊ.
दिनांक: बारा, मंगळवार, दुपारचे चार.

सही: माझीच. अक्षर हललं आहे, कारण याच खाटेवर शिवणकाम चालू आहे.

साक्षीदार एक: वॉर्डाच्या सिस्टर. माझ्या सहीखेरीज त्यांनी काहीही पाहिलेलं नाही.

साक्षीदार दोन: अकरा नंबरच्या आजी. पूर्ण शुद्धीवर. बंद, आजपासून, कुशीवर.