दात कशानं घासता, बाई?

प्रिय बाई,

आज सकाळी गुडाखूचं मंजन न करता घरामागच्या बाडीत बसले आणि तुमच्याशी एक शब्द बोलता आला नाही. मुनग्याच्या झाडाकडे बघत राहिले, नळ उगीच सोडला, बंद केला आणि उठून आत आले. तुम्ही गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. म्हणून आता दुपारी, खरकटी भांडी तशीच टाकून, लिहायला बसलेय. बोलता येत नाही तर लिहून तरी बघावं!

हसू नका. भिंतीला भिंत लागून घर असताना जाऊबाईला पत्र लिहिणारी मी पहिलीच असेन. पण त्या घराला आता कुलूप आहे, आणि माझ्या घरात तुमचे भाऊजी आहेत. मिलमध्ये त्यांचे कान गेले ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता अजूनच बसलेत. साधं "जेवायला या" म्हणायचं तर मला ओरडावं लागतं. कालची गोष्ट ओरडून कशी सांगू? सगळ्या जामुलला ऐकू जाईल. हळू सांगावी अशी गोष्ट आहे, बाई. आणि हळू ऐकणारं माणूस घरात उरलं नाही.

काल पद्मनाभपूरला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तीच ती खालची दाढ, तुम्ही असल्यापासून हलणारी. "काढून टाक वो, ठेवून पूजा करतं काय तिची?" असं तुम्ही कितीदा म्हणालात. शेवटी परवा भाकरी चावताना डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा गेले.

डॉक्टर म्हणजे पोरगीच. तुमच्या संगीताहून लहान असेल. मला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला आणि विचारलं, "तंबाखू, गुटखा, कुछ लेती हो माँ जी?" मी आडवी पडले होते तरी मान ताठ केली. म्हटलं, "हमारे घर की औरतें छूती भी नहीं."

खोटं बोलले का मी? नाही ना! तुम्हीच सांगा.

मग त्या पोरीनं दाढ सोडून भलतंच सुरू केलं. कापडाच्या तुकड्यात जीभ धरली, इकडे ओढून बघितली, तिकडे ओढून बघितली, टाळू बघितली, गालाच्या आत बोट फिरवलं, हनुवटीखाली, मानेला चाचपलं. मनात म्हटलं, हिला दाढ सापडत नाही की काय? बोट करून दाखवली तर म्हणाली, "दाँत भी देखूँगी. पर पहले पूरा मुँह देखती हूँ, सबका देखती हूँ." असं सगळं तोंड आजवर माझं कुणी बघितलं नव्हतं. लाजच वाटली.

खालचा ओठ उलटा केला आणि ती थांबली. दिवा आणखी जवळ ओढला. मग अगदी सहज विचारलं, "माँ जी, मंजन क्या करती हो?"

मी म्हटलं, "गुडाखू."

तिनं हातातला आरसा खाली ठेवला. "गुडाखू तंबाखू ही है, माँ जी. गुड़ में मिलाई हुई." तिची आजीसुद्धा करते म्हणे. तीसुद्धा कुणी विचारलं की सांगते, तंबाखू नाही खात.

बाई, त्या खुर्चीत मला माझा ओठ आठवलाच नाही. मला तुम्ही आठवलात.

रायपूरचा तो मोठा दवाखाना आठवतो? तिथल्या डॉक्टरनं पण हाच प्रश्न विचारला होता. तुम्ही पदर सावरून म्हणालात, "जिंदगी में नहीं, साहब." तुमच्या बाजूला उभी राहून मी पण मान हलवली. केवढा अभिमान होता आपल्याला! त्यानं मान खाली घालून लिहून घेतलं. पुढचं कुणी विचारलं नाही. दात कशानं घासता, बाई, एवढं एकच जर कुणी विचारलं असतं! त्याच्याही कितीतरी आधी, तुमची पहिली दाढ काढली तेव्हा, कुणी ओठ उलटून बघितला असता!

तुम्ही नाही म्हणणारच होतात. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा तुमच्याएवढा राग जामुलमध्ये कुणाला नसेल. भासरे, म्हणजे तुमचे मालक, ड्यूटीवरून आले की आधी त्यांचे खिसे तपासायच्या. पन्नी सापडली की गेली नालीत. "तोंडात नाली घेऊन घरात येऊ नोका!" असा दरवाजातच दम. विहारातल्या बायांच्या बैठकीत तुम्ही खर्ऱ्यावर बोललात तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. भासरे बिचारे एकदाच म्हणाले, "आन् तू रोज सकाळी बोट घालून बसतं, ते काय आहे?" तुम्ही कडाडलात, "मंजन आहे ते! मंजन आन् खर्रा एक होते काय?" ते चप्पल घालून बाहेर निघून गेले. आम्ही सगळ्यांनी तुमचीच बाजू घेतली, कारण आम्हालाही तसंच वाटत होतं.

मला बोटावर गुडाखू तुम्हीच दिली. भंडाऱ्याहून नवी नवरी होऊन आले होते, दाढ ठणकत होती, सासूबाईंना सांगायची भीती. तुम्ही मला मागे बाडीत नेलंत. "लाव. दुखनं बंद होते. मले बी शेजारच्या साहूबाईनं शिकवलं." लावली आणि बाडी गरगर फिरली. मी मुनग्याला मिठी मारली आणि तुम्ही पोट धरून हसलात. तेव्हापासून आपली सकाळ तिथेच. नळाजवळ दोन पाट, विटेच्या खाचेत एक डबी. त्या वेळात बाडीत यायची पुरुषांची हिंमत नव्हती. सासूचं, नवऱ्याचं, पोरांच्या लग्नाचं, सगळं आपण तिथे थुंकून टाकलं. बाकी दिवसभर मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई. तिथे मी नुसती पुष्पा होते.

तो दिवसही तिथलाच. ओठ खाली ओढून तुम्ही म्हणालात, "पाह्य ना वो, काय झालं इथं." मी उन्हाकडे तोंड करायला लावून बघितलं. पांढरं होतं काहीतरी, आणि मध्ये लाल. मी काही म्हणायच्या आत तुम्हीच म्हणालात, "उष्णता हाय, बस." आणि जळजळ थांबावी म्हणून त्याच्यावरच अजून गुडाखू लावलीत. रागावू का तुमच्यावर, बाई? रागावते. एवढ्या हुशार तुम्ही! अख्ख्या मोहल्ल्याचं दुखणं तुम्हाला चेहऱ्यावरून कळायचं. स्वतःचं का नाही कळलं?

शेवटी तुमचं बोलणं बंद झालं. तुमचं! मी खाटेजवळ बसून दोघींचं बोलायचे. माझं बोलायचे, मग तुमचं उत्तरही मीच द्यायचे, आणि चुकलं की तुम्ही डोळे वटारायच्या. तीच सवय पुढे राहिली. रोज पहाटे बाडीत दोन पाट मांडते. बोटावर गुडाखू घेतली, ती तिखट चव तोंडात पसरली, डोकं जरासं हललं, की तुम्ही बाजूला येऊन बसल्यासारखं वाटतं. मग मी बोलते. तेवढंच माझं दिवसातलं बोलणं.

डॉक्टरनं मला आरशात दाखवलं. ओठाच्या आत, बरोबर जिथे गुडाखू बसते तिथे, पांढरा डाग. पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखी कातडी. म्हणाली, आजपासून बंद. सोडल्यावर पुष्कळदा जातो. दोनतीन आठवड्यांनी परत या, नाही गेला तर छोटासा तुकडा काढून तपासू. आत्ताच काही सांगणार नाही, घाबरू नका, पण याच. दाढेचं नंतर बघू म्हणाली. दाढ तशीच आहे!

तिला काय माहीत, बाई, तिनं मला काय सोडायला सांगितलं? डागाची भीती वाटली, नाही असं नाही. पण बसमध्ये बसल्यावर रडू आलं ते त्याचं नव्हतं. आता सकाळी तुम्ही कशा याल, याचं होतं.

आज नाहीच आलात.

डोकं दुखतंय सकाळपासून. हात तीनदा त्या विटेच्या खाचेकडे गेला. मग एकदम मनात आलं, त्या डबीत तिसरं बोट पण जायचं. संगीताचं! परकरातली पोर आपल्या दोघींच्या मध्ये येऊन बसायची. दाढ दुखली की तुम्ही तिलाही बोटावर द्यायच्या.

तशीच उठून तिच्या सासरी अहिवाऱ्याला फोन लावला. म्हटलं, "संगीता, दात कशानं घासतं वो तू?"

"काकी, ये कैसा सवाल है?" हसली. "गुडाखूनंच ना. आईनंच तं लावली आदत."

"ओठाच्या आत कधी पाहिलं काय?"

मला तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, "थोडी जळजळ होते, काकी. तिखट लागते. कावून?" आणि मी काही बोलायच्या आत तिनंच सांगून टाकलं, "उष्णता हाय, बस."

बाई, तुमचाच आवाज. तोच झटका, तेच शब्द.

तिला सगळं सांगितलं. माझा डाग, डॉक्टर, गुडाखू म्हणजे काय. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाहू काकी. पोराइची परीक्षा चालू हाय. टाइम भेटला तं येईन मंग." तुमचीच लेक! तुम्ही पण "पाहू, पाहू" म्हणत उन्हाळ्याचा पावसाळा केलात.

मी नाही पाहणार. उद्या सकाळच्या बसनं अहिवाऱ्याला जातेय. तुमच्याशिवाय या रस्त्यानं कधी एकटी गेले नाही. खिडकी तुमची आणि पिशव्या माझ्या, असंच जायचो. उद्या खिडकीत मी बसेन. भाऊजींना ओरडून सांगेन की भात झाकून ठेवलाय.

तुम्हाला शब्द देते, बाई. तुमच्या लेकीला हाताला धरून त्या खुर्चीत बसवीन. तिचा ओठ उलटा करून, जीभ धरून, मान चाचपून होईपर्यंत तिथून हलणार नाही. तिनं "तंबाखू नाही" म्हटलं तर मी बाजूला उभी राहून मान हलवणार नाही. माझ्या तारखेला मीही जाईन, तुकडा काढायचा म्हणाली तर काढू देईन. आणि परत आल्यावर संगीताला बाडीत तुमच्या पाटावर बसवून, दोघी मिळून ती डबी नळाखाली धुऊ. आज एकटीनं धुवायला हात होत नाही.

तोवर सकाळी येऊन बसेन, पण मला बोलता येणार नाही. तुमचं बोलणं बंद झालं तेव्हा दोघींचं मी बोलले. आता पाळी तुमची. तुम्ही बोला बाई, मी ऐकतेय.

जयभीम.

तुमची धाकटी,
पुष्पा