बंद लाँड्रीसमोरची गाडी

४ फेब्रुवारी

ठरलं! करडा रंग, सगळ्यात साधं मॉडेल, लहान पेट्रोल इंजिन, हातानं टाकायचे गिअर. अख्खी दुपार शोरूममध्ये डोकं पिकवून घेतल्यावर एवढं निघालं. तिथला तो टायवाला एकेक पान उलटत होता आणि मी नुसता मान डोलावत होतो. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणारा माणूस मी! दातांचा पांढरा कुठे पिवळ्याकडे झुकतो आणि कुठे राखेकडे, ते डोळे मिटून सांगेन. पण गाडीच्या पाच रंगांपुढे घाम फुटला.

"एअरबॅग दोन की सहा, सर?" दोन पुरे. आम्ही काय शर्यतीला निघालोय? मेलं गावातल्या गावात फिरायचंय.

ही बसमधून उतरताना पडली नसती, तर या भानगडीत पडलोच नसतो. गुडघ्याची सूज अजून उतरत नाही, तरी रोज दोन बस बदलून हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीवर जाऊन बसते. आता मी सोडणार, मी आणणार. जेवताना म्हणाली, "मला कोणी रंग विचारला का?" म्हटलं, तू फक्त बसायचंस. मग जीभ चावली, पण ती ताट उचलून गेली होती.

५ फेब्रुवारी

सकाळी मेण तापत ठेवलं आणि घराच्या माडीवरच्या लॅबच्या खिडकीतून सहज बघतो तर मागच्या गल्लीत, त्या बंद लाँड्रीसमोर, अगदी तश्शीच गाडी! करडी, साधं मॉडेल. चला, आपली निवड कोणाला तरी पटलीये.

६ फेब्रुवारी

मेव्हणा आला. हिचा धाकटा भाऊ. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर याचं मत तयार. "भावजी, हे काय मिळमिळीत इंजिन घेताय? टर्बो घ्या टर्बो! पाय ठेवला की निघाली पाहिजे." वरचं मॉडेल, लाल रंग, सहा एअरबॅग. मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघत काय बसताय, लावा फोन!" लावला. टायवाल्याला काय, त्याला आनंदच. करडी रद्द, लाल नक्की.

७ फेब्रुवारी

लाँड्रीसमोर लाल गाडी.

करडी नाही. तीच जागा, तसंच भिंतीला लागून थोडं तिरपं तोंड. पण लाल. आधी हसलो. मग बॉनेट नीट दिसलं आणि चहा तसाच ठेवून खाली गेलो.

पुढचा भाग पार चेपलेला. आतल्या सगळ्या एअरबॅग बाहेर येऊन लोंबत होत्या. नंबरप्लेट आहे, पण कोरी. बॉनेटला हात लावला, थंडगार. आणि गल्लीत एक काच नाही, तेलाचा थेंब नाही. चेपलेली गाडी इथवर आली कशी?

बाजूच्या सीटवर हिची उशी.

पाठीला घेते ती, निळी. कोपऱ्यात उसवली होती तिथे तिनं काळ्या दोऱ्यानं शिवलीय, कारण निळा दोरा संपला होता. तोच काळा टाका. धावत घरी आलो. उशी खुर्चीवर होती. हात लावून पाहिली. आहे!

कोणाला सांगू? लोक म्हणतील, मेणाचा वास डोक्यात गेला.

८ फेब्रुवारी

एक करून बघायचं ठरवलं. टायवाल्याला फोन केला, परत करडी करा. "साहेब, मनाचा काही पत्ता लागू देत नाही तुम्ही!" म्हणाला. म्हटलं, लिहून घे आणि गप्प बस. उगाच खेकसलो बिचाऱ्यावर.

९ फेब्रुवारी

करडी.

पाच तारखेला नुसती वरून पाहिली होती. आज जवळ गेलो. पुढची काच बाजूच्या सीटसमोर फुटलीय, एका ठिकाणापासून चहूकडे तडे. आतून फुटलीय. उशी आहे. सीटचं कापड एका जागी घासघासून पांढरं पडलंय, आजूबाजूचं मात्र तसंच करडं. काय घासलं असेल तिथलं?

लाँड्रीच्या पायरीवर बसून राहिलो. गल्लीतलं कुत्रं आलं, गाडीला लांबून वळसा घालून गेलं.

१० फेब्रुवारी

आज एका आजोबांच्या कवळीची ट्रायल होती. आधी दात मेणात बसवून दाखवतो आपण. आरशात बघा, हसा, बोला, दात मोठे वाटतात का सांगा. मेणात आहे तोवर हवं ते बदलता येतं. एकदा पक्की केली की मग झालं, तीच तोंडात घेऊन जगायचं. आजोबा आरशात बघून म्हणाले, "हा मी नाही."

मला कोणीतरी ट्रायल दाखवतंय!

मी ठरवतो ते दुसऱ्या दिवशी तिथे येऊन उभं राहतं. पुढे त्या गाडीचं जे होणार, तसंच. पक्कं व्हायच्या आत बदला म्हणतंय. कोण, ते मला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही नाही. पण ट्रायल म्हणजे काय ते मला कळतं. आयुष्यभर तेच केलंय.

म्हणजे बुकिंगच्या कागदावर सही करेपर्यंत हिचा जीव माझ्या हातात आहे. नीट निवडायला हवं. बस्स.

११ फेब्रुवारी

काल संध्याकाळी सीएनजी सांगितलं होतं. पांढरी, सहा एअरबॅग. आज गाडीला ओरखडा नाही. जीव भांड्यात पडला! मग वाकून बघितलं. बाजूच्या सीटखाली हिची चप्पल. एकच. दुसरी गाडीत कुठेही नाही. मागची सीट बघितली, चारही काचांना नाक लावून बघितलं.

एकच.

१२ फेब्रुवारी

आज हिनं माझी पाचावर धारण बसवली. लॅबमध्ये चहा घेऊन आली, खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "त्या लाँड्रीसमोर रोज वेगळी गाडी कोणाची हो? परवा करडी होती, आज पांढरी. चैन आहे लोकांची!"

म्हणजे तिलाही दिसते!

"जाऊन बघू का आतून? आपली पण अशीच असेल ना?" मी असा काही ओरडलो की कप हिंदकळला. "अहो, काय झालं काय तुम्हाला? ओरडताय काय असं?" म्हटलं, तिथे गटार उघडं आहे, गुडघा घेऊन जाऊ नकोस. खोटं बोललो. तिनं सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, "गाडी नको असेल तर सरळ सांगा. मी बसनं जाते. पण असे आतल्या आत कुढू नका." तिला वाटतंय मला खर्च जड जातोय. वाटू दे.

१३ फेब्रुवारी

इलेक्ट्रिक सांगून बघितली. इंजिनच नाही, म्हटलं, भानगडच नको. मेव्हणा फोनवर हसला, "भावजी, तुम्ही आता फक्त बैलगाडी राहू दिलीत!"

१४ फेब्रुवारी

निळी. धुळीनं माखलेली. टायर बसलेले, खालून गवत वर आलेलं. कालपर्यंत तिथे गवताची काडी नव्हती. दोन्ही सीटचे पट्टे लावलेले, आणि दोन्ही मधोमध कापलेले. कोणीतरी आतली माणसं काढायला कापतात, तसे.

दोन्ही. म्हणजे त्यात मीही.

नवल म्हणजे माझं एवढं काही वाटलं नाही. तिच्या पट्ट्याकडेच बघत राहिलो.

१५ फेब्रुवारी

गाडी घ्यायचीच नाही. सुटलो! टायवाल्याला सांगितलं, नको आम्हाला, माफ कर. हिला म्हटलं, आपण रिक्षा लावू महिन्याची. तिनं नुसतं "बरं" म्हटलं. या बाईचं "बरं" मला कधीच बरं वाटलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

लाँड्रीसमोर काही नाही. किती छान दिसते ती रिकामी भिंत! दोन कवळ्या पुऱ्या केल्या. गाणं गुणगुणलो चक्क.

दुपारी कचरा टाकायला गेलो. भिंतीशी, गाडी उभी राहायची तिथे, जमिनीवर हिची डब्याची पिशवी. डबा उघडा पडलेला, पोळी बाहेर. पिशवीवर टायरची खूण. रुंद. बसच्या टायरची.

ही सातला घरी आली तेव्हा दारातच तिचे दोन्ही हात धरले. पिशवी खांद्याला होती. "शेजारी बघतायत!" म्हणाली. बघू देत.

१७ फेब्रुवारी

काम होत नाही. आजोबांची कवळी वाकडी बसवली. डोकं चालत नाहीये. इतकी इंजिनं, इतके रंग, इतकी मॉडेलं. प्रत्येकाची जुळणी करत बसलो तर जन्म जाईल, आणि रोज सकाळी मी हिला एकदा मेलेली बघायची? माणूस किती वेळा बघू शकतो असं?

लॅबचं दार लावून रडलो. लिहायला लाज कसली, रडलो.

१८ फेब्रुवारी

ही माझ्यासमोर शोरूमचं चोपडं घेऊन बसली. कपाटातून शोधून काढलं होतं. "काय अडलंय ते सांगा," म्हणाली. काय सांगणार! तोंडातून निघून गेलं, "तूच ठरव."

तिला खरंच वाटेना. दोनदा विचारलं. मग चष्मा लावून अशी काही सरसावून बसली! रंग पिवळा, लिंबासारखा. मी म्हटलं, असली गाडी कोणी घेतं का? "मी घेते," म्हणाली. इंजिन लहानातलं लहान. "आपल्याला कोणाच्या पुढे जायचंय?" एअरबॅग सहा. गिअर आपोआप पडणारे. मागे बघायचा कॅमेरा. टेप-बिप साधाच. अर्ध्या तासात सगळं आटोपलं, आणि मी पंधरा दिवस मरतोय!

टायवाल्याला कळवलं. सही अजून केलेली नाही.

१९ फेब्रुवारी

पिवळी.

जुनी गाडी आहे. उन्हानं रंग विटलेला, लिंबाचा पार फिका पिवळा झालाय. दारांना बारीक पोचे, बंपरला भिंतीला घासल्याच्या खुणा. नवशिक्यांच्या गाडीला असतात तशा. पण चेपलेली नाही, फुटलेली नाही. टायर नवे. कोणी वर्षानुवर्षं जपून वापरलेली गाडी. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि आधी पोटभर श्वास घेतला. ही आहे! खूप वर्षं आहे!

मग आत बघितलं.

ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली, स्टिअरिंगला जवळजवळ टेकलेली. माझे गुडघे तिथे मावणारच नाहीत. त्यावर बसायला जाड गादी, नवी, पण कडेला हिच्याच हातचा टाका. डॅशबोर्डवर साखळीवाला चष्मा, जाड भिंगांचा. म्हातारपणीचा.

बाजूच्या सीटवर छत्री, भाजीच्या पिशव्या, औषधांचा डबा. हे सगळं ज्यावर ठेवलंय ते शोरूममधून येतं ते प्लास्टिकचं वेष्टन. अजून काढलेलंच नाही. पिवळं पडलंय, कडेला तडकलंय, पण कुठे चुरगळलेलं नाही.

त्या सीटवर कधी कोणी बसलेलं नाही. पहिल्या दिवसापासून.

किती वेळ उभा होतो देव जाणे. टायवाला म्हणाला होता, पिवळी मागवावी लागेल, यायला वेळ लागेल. म्हणजे मी जाणार तो ती यायच्या आतच.

आधी हायसंच वाटलं, खरं सांगतो. हिच्या जिवाची भीती गेली. भीती नंतर आली, माझी. अजून गेलेली नाही.

२० फेब्रुवारी

मी काही साधुसंत नाही. काल फोन करून फक्त गिअर बदलले. हातानं टाकायचे, म्हणजे मीच चालवेन. बाकी सगळं हिचं तसंच. म्हटलं, जमलं तर दोघंही.

आज पिवळी. नवी कोरी, पिवळीधमक. माझी सीट मागे, माझा रुमाल आरशाला. आणि बाजूचा पट्टा कापलेला.

फोन लावला. परत आपोआप पडणारे करा. टायवाला म्हणाला, "साहेब, आता शेवटचं ना?"

हो म्हटलं.

२१ फेब्रुवारी

पिवळी जुनी परत आली. गादी, छत्री, प्लास्टिक. हिला आज खिडकीतून दाखवली. "हीच की! जुनी दिसतेय, पण किती गोड!" म्हणाली. मी तिच्या केसांकडे बघत होतो. कानाजवळ एकच पांढरा आहे.

२२ फेब्रुवारी

सही केली. येताना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलो आणि हिचं नाव घातलं. सोमवारपासून रोज सकाळी. घरी सांगितलं तर हसत सुटली. "मला कशाला या वयात? तुम्ही आहात की!"

म्हटलं, शिकून ठेव.