हिरव्या दोऱ्याची चिठ्ठी

नारायणगाव
रविवार, १४ सप्टेंबर २००३

प्रिय चांगदेवास,

अक्काचा सलाम. तू आणि सुवार्ता जोडीने प्रभूच्या कृपेत असाल अशी आशा धरते. आम्ही इकडे आहोत तशा आहोत. सासूबाईंची कंबर गेल्यापासून त्या खाटेवर आणि मी खाटेभोवती, एवढंच आमचं जग झालंय. काल मला म्हणाल्या, "अंजना, तू माझं सगळं करतेस, पण तोंड वाकडं करून करतेस." खरं आहे ते. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला दिवसातून चार वेळा उचलून न्हाणीत न्यायचं, तर तोंड सरळ कसं राहणार?

बाजारात टोमॅटोचा हंगाम जोरात आहे. सकाळी सातला निवडायला बसते. पिकलेला एकीकडे, कच्चा एकीकडे, फुटका टोपलीत. दुपारपर्यंत बोटांच्या चिरांमधून रस आत जातो आणि हात झोंबत राहतो. मंगळवारी बसल्याबसल्या माझा डोळा लागला आणि फुटका माल मी चांगल्या क्रेटमध्ये टाकत गेले. व्यापारी बरा माणूस आहे. म्हणाला, "मावशी, घरी जाऊन झोपा." घरी कुठली झोप. पण त्याला काय सांगायचं.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पुण्याच्या डॉक्टरांनी पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढायला लागतील असं सांगितलं आणि तू कागदावर सही न करता सरळ घोडेगावला घरी निघून आलास. पुढे लिहिलंस, "अक्का, वर्षाचं वचन हातात असताना मी पाय सुरीखाली का देऊ? देवानेच लिहून दिलंय, जखमा बऱ्या करीन म्हणून." हे मी तीनदा वाचलं. मग सासूबाईंना भात भरवला आणि पुन्हा एकदा वाचलं.

हे बघ, वर्षाचं वचन आपल्याकडे आईच्या काळापासून आहे. एक जानेवारीची उपासना झाली की परात फिरते, जो तो एक चिठ्ठी उचलतो, त्यातलं बायबलचं वचन वर्षभर त्याचं. जो आला नसेल त्याची चिठ्ठी घरचं कोणी उचलतं. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. पण आईला एका वर्षी डोळ्यांच्या प्रकाशाचं वचन आलं होतं, तरी तिने मोतीबिंदू काढून घेतलाच की. डॉक्टरही देवानेच दिलेत असं ती म्हणायची. तू तेव्हा तिच्यासोबत गेला होतास, आठवत असेल.

सुवार्ताने मागे सांगितलं की तू ती चिठ्ठी तिच्या हिरव्या दोऱ्यासकट तुमच्या लेकीच्या, करुणाच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवली आहेस. दोरा तरी काढून टाकायचास. दोऱ्यात काय आहे?

शुगरच्या गोळ्या चुकवू नकोस. अनवाणी फिरू नकोस. आणि डॉक्टरांकडे परत जावं असं मला मनापासून वाटतं. का वाटतं ते लिहायला बसले होते, पण सासूबाई हाक मारतायत आणि खरं तर मलाही लिहवत नाहीये.

सुवार्ताला आशीर्वाद.

तुझी,
अक्का

⁂

नारायणगाव
शुक्रवार, २६ सप्टेंबर २००३

प्रिय चांगदेवा,

सलाम. हे पत्र कुंडलिक पाळकांच्या हाती देतेय. उद्या ते तुमच्याकडे घरसभेला येणारच आहेत आणि टपालाची वाट बघण्याइतका वेळ आता आपल्याकडे नाही. ते सभा सुरू करायच्या आधी तू हे वाच. एकट्याने वाच.

बुधवारी शेजारच्या सरुबाईच्या फोनवर सुवार्ता बोलली. बोलली कसली, रडलीच. काळेपणा बोटांवरून वर चढलाय, तुमच्या गावच्या डॉक्टरांनी सोमवारी पुण्याला पोचायलाच सांगितलंय, नाहीतर गुडघ्यापर्यंत जाईल आणि त्याच्या पुढे ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, त्याला दे फोन. तू आलास आणि म्हणालास, "अक्का, तू कशाला घाबरतेस? ती चिठ्ठी तूच उचललीस ना माझ्यासाठी? देवाने तुझाच हात धरला आणि उचलायला लावली."

मी नुसतं हं म्हटलं आणि फोन ठेवला. सरुबाई समोर गवार मोडत बसली होती. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा गवार मोडायला लागली.

चांगदेवा, माझा हात देवाने धरला नव्हता.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही. तुला माहीत आहे, चिठ्ठ्या दर डिसेंबरात मीच लिहिते. बोर्डिंगात बाईंनी अक्षर वळवून घेतलं होतं, त्याची ही चाकरी. मंडळीत साठ माणसं, साठ चिठ्ठ्या. गुंडाळी करायची आणि वरून लाल दोरा बांधायचा. या वेळी एकोणसाठ झाल्या आणि रीळ संपलं. शेवटच्या चिठ्ठीला मी पोलक्याच्या शिवणीतला हिरवा दोरा काढून बांधला. त्या चिठ्ठीत जखमा बऱ्या करण्याचं वचन होतं. ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते मी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं.

एक तारखेला परात माझ्यापुढे आली. तू येणार नव्हतासच. अकरा वर्षं आला नव्हतास. पण तुझी चिठ्ठी मी दर वर्षी उचलत होते आणि पोस्टाने पाठवत होते. तू ती वाचतोस की चुलीत घालतोस, मी कधी विचारलं नाही. नेहमीप्रमाणे आधी तुझी उचलली. लाल दोरा होता. उघडली. म्हातारपणापर्यंत, केस पिकले तरी, मी तुम्हाला उचलून नेईन, अशा अर्थाचं वचन होतं.

त्याच आठवड्यात सुवार्ताने सांगितलं होतं की तुझ्या अंगठ्याची जखम भरत नाही, शुगर वाढलीय. आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं, चार माणसं तुला उचलून नेतायत. करुणाला नेलं तसं. तुझ्यासारख्या माणसाला नव्या वर्षाला हे पाठवायचं? मी पाळकांना म्हटलं, "ही माझी." आणि दुसऱ्यांदा परातीत हात घातला. तो आंधळा घातला नाही. हिरवा दोरा एका कडेला दिसत होता, त्यालाच धरला. निवडणं हा माझा धंदाच आहे. रोज टोमॅटो निवडते तसं देवाच्या परातीतून तुझ्यासाठी चांगलं निवडलं. माझं स्वतःचं वचन परातीतच राहिलं, ते कोणाला गेलं देव जाणे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, अकरा वर्षांत पहिलं. तू लिहिलं होतंस की करुणा काविळीने गेली त्या दिवशी तू पाळकांना प्रार्थनाही करू दिली नव्हतीस, पण या चिठ्ठीने तुला गाठलंच. मग ईस्टरला तू आलास. मागच्या बाकावर, दाराजवळ, उठून जायला सोपं पडेल असा बसलास. आणि गाणं म्हणताना तुझा आवाज आला. लहानपणी तू जिथे सूर चुकायचास तिथेच चुकलास. मी पुढच्या बाकावर पदरात तोंड घालून रडले. त्या दिवशी कोणती बहीण उठून सांगेल की अरे, ते वचन देवाने दिलं नाही, मी दिलं? मला भीती वाटली की तू त्याच दारातून जाशील आणि परत येणार नाहीस. आजही तीच भीती वाटते. पण काल विचार केला, चांगदेव चर्चमध्ये आला नाही तरी मला चालेल, पण चांगदेव असायला हवा.

तुझी खरी चिठ्ठी मी फेकली नाही. फेकवली नाही. चष्म्याच्या डबीत ठेवली. आणि आता दुसरी चोरी सांगते. ती मी वापरली.

जानेवारीतच एका दुपारी सासूबाईंना उचलताना माझीच कंबर लचकली आणि आम्ही दोघी न्हाणीत खाली बसलो. मला उठवेना, त्यांना तर नाहीच. त्या रडायला लागल्या, मग मीही. आई गेल्यापासून अशी रडले नव्हते. तेव्हा ते वचन आठवलं आणि मी चिडूनच म्हटलं, "उचलीन म्हणतोस ना, मग उचल आता." प्रार्थना म्हणायला लाज वाटेल अशी ती प्रार्थना. थोड्या वेळाने सरुबाई विरजण मागायला आली. न्हाणीत डोकावली आणि म्हणाली, "आता गं बया, दोगी म्हाताऱ्या काय खेळत बसलाय?" एका हाताने त्यांना आणि एका हाताने मला उठवलं, चहा केला आणि विरजण न घेताच गेली.

योगायोग म्हण. मी त्यावर भांडणार नाही. पण त्या दिवसापासून सकाळी चष्मा काढताना चिठ्ठी हाताला लागते आणि मी उठते. थकवा जात नाही. तो जाईल असं त्यात लिहिलेलंही नाही. पण थकलेल्या माणसाला सोडून देणार नाही एवढं लिहिलंय आणि त्यावर माझे नऊ महिने निघाले.

आणि बुधवारी फोन ठेवल्यावर मला कळलं की मी काय केलंय. जो स्वतःच्या पायाने चालतो त्याला कोण कशाला उचलेल? ते वचन मरणाचं नव्हतंच, मला घाबरटाला ते तसं दिसलं. ज्याच्या पायाला सुरी लागणार आहे त्याला जे लागतं, तेच होतं ते. तुझं तुला आलं होतं आणि मी मध्ये हात घालून ते काढून घेतलं. तुझ्या हातात राहिलं ते मी निवडलेलं आणि तू त्याच्यावर पाय सोपवून बसलायस. मला माफ कर रे. माझ्या हाताने हे झालंय.

तू विचारशील, मग ईस्टरला मी आलो तो कोणामुळे? तुझ्या लबाडीमुळे? मला सांगता येत नाही. कुंडलिक पाळकांना काल सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनाही हे विचारलं. ते म्हणाले, "ते नंतर बघू. पायाचे किती दिवस उरलेत?" मी म्हटलं, सोमवारपर्यंत. त्यांनी पिशवी काढली आणि म्हणाले, "लिहून दे, मी नेतो." रागावतील नंतर. रागवायलाच हवं. मंडळीपुढे उभी राहून मी सांगणारच आहे, पण या रविवारी नाही. मंडळीला थांबता येईल, तुझ्या पायाला नाही.

रविवारी पहिल्या गाडीने मी येतेय. सासूबाईंचं सरुबाई बघणार आहे. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "म्या हाय की. दोनशे मेंढरं राखली, तुजी सासू काय लई न्हाई मला." सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जा. पण येताना तोंड सरळ करून ये." तर तेवढ्यासाठी तरी मला धड बातमी घेऊन परत यायचंय.

सोमवारी आपण तिघं पुण्याला जाऊ. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण गाडीत बसून रागव. नको ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त त्या कागदावर सही कर. बोटं गेली तरी तू माझा भाऊच राहशील, आणि पुढच्या ईस्टरला काठी टेकत येशील. मागच्या बाकावर बसायला मी काही म्हणणार नाही.

सोबत तुझी चिठ्ठी आहे. लाल दोरा मळलाय आणि कागदाला टोमॅटोचा डाग पडलाय, त्याबद्दलही माफ कर. हिरवी परत मागत नाही. तीही वचनच आहे, करुणाजवळ राहू दे. पण ती तुला बहिणीने दिली होती. ही तुझी आहे.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा खांदा धर. दिवसातून चार वेळा माणूस उचलायची मला सवय झाली आहे.

नऊ महिने तुझ्या वचनावर उठलेली,
तुझी अक्का