हाडांसाठी केलेली पेटी

सान रोके, पनाय बेट
४ नोव्हेंबर १९८६

प्रिय देलफिन,

तुझी तब्येत बरी असेल, जहाजावर जेवण वेळेवर मिळत असेल अशी आशा. इकडे सगळे ठीक. वादळात उडालेला स्वयंपाकघराचा पत्रा बसवून घेतला. डुकरीण व्यायली. पिल्लं तुझ्या आईंच्या पायात येतात आणि आई त्यांना तुझ्या नावाने शिव्या घालतात.

आईंची तार मिळाली असेल. 'लिलिबेथ जशीच्या तशी. देवाने दाखवलं. घरी ये.' मला न विचारता केली. त्यातलं पहिलं वाक्य खोटं नाही. पण सिंगापूरला जहाज लागलं की घरी यायचं की पुढच्या फेरीला जायचं, हे तू ठरवशील. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

कबरस्तानातल्या भाड्याच्या कप्प्याची पाच वर्षांची मुदत सरली होती. सर्व संतांच्या सणाआधी हाडं काढून घ्यायची, म्हणून मी इस्कोकाकांकडून लहान पेटी करून घेतली. आत माझ्या लग्नाच्या झग्याचा तुकडा शिवला. काकांनी कप्प्याचं सिमेंट फोडलं, शवपेटी ओढली, झाकण उचललं आणि टोपी काढून गुडघ्यांवर बसले. हाडं नव्हतीच. आपली लिलिबेथ होती. वेणी, पांढरा फ्रॉक, बोटांत जपमाळ.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? ही पेटी हिला पुरायची नाही.

दुसऱ्या दिवशी सणाचं सगळं गाव मेणबत्त्या आणि भाताची पातेली घेऊन तिथे होतंच. बातमी पसरायला कितीसा वेळ! बायका रुमाल तिच्या गालाला लावून आजारी पोरांच्या कपाळावर फिरवू लागल्या. फादर म्हणाले, बिशपसाहेबांची माणसं येईपर्यंत काचेच्या पेटीत ठेवू. आणि मी? मला आनंद झाला, देलफिन. ती डेंग्यूने गेली, तू दफनानंतर दुसऱ्या दिवशी पोहोचलास, ओल्या सिमेंटवर हात ठेवून म्हणालास, "तुझा देव मला डोळ्यांनी दाखव, मग मी या घरात राहीन." तेव्हापासून माझं देवाकडे दुसरं मागणंच नव्हतं.

पण रात्रभर एक गोष्ट मला टोचत राहिली. सकाळी आई मासे साफ करत होत्या, तेव्हा विचारलं.

"आई, देलफिनचं जहाज येईना म्हणून आपण तिला नऊ दिवस घरात ठेवलं. तेव्हा प्रेत टिकवायचं औषध टोचणारा दोनदा आला होता ना?"

"तीनदा." आईंनी मान वर केली नाही. "आणि आता तोंड बंद ठेव. खूण मागत होतीस ना? दिली त्याने. कशातून दिली हे विचारायला तू कोण मोठी बिशप लागून गेलीस?"

"पण ही देवाची करणी नाही, आई."

"माझा पोरगा घरी येणार. मला तेवढी करणी पुरे."

औषधाचं मी कुणाला सांगितलं नाही. मलाही तू घरी हवा होतास.

आज सकाळी कबरस्तानात गेले तर तिची वेणी नव्हती. कुणीतरी कापून नेली होती. मी गर्दीला ढकलून बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. लोक म्हणतात झोपली आहे. नाही रे. गाल सुक्या चामड्यासारखे झाले होते, ओठ आक्रसून दात दिसत होते. आपली मुलगी मेलेली होती. तुझ्यासाठी आम्ही जशी ठेवली होती, तशीच अजून ताटकळत होती.

दुपारी लोक जेवून आडवे झाले, तेव्हा काकांनी आणि मी माझ्या आईच्या कबरीशेजारी खड्डा खणला. सिमेंट नाही, नुसती माती. तुझ्या आई धावत आल्या. "सैतान शिरलाय हिच्यात! अगं, त्याला एकदा पोरीचं तोंड तरी बघू दे!"

त्यांचं खरं होतं. तेच मला सगळ्यांत जड गेलं. मी थांबले असते तर तू आला असतास, तिचं तोंड पाहिलं असतंस, कदाचित गुडघेही टेकले असतेस. पण त्या औषधापुढे, देवापुढे नाही. मी काकांना म्हटलं, उचला.

शेवटी आईंनीच डोक्यावरची काळी ओढणी काढून तिच्या कापलेल्या केसांवर घातली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. उद्या फादर बोलावतील, तेव्हा काय ते बघून घेईन.

तर देलफिन, ती तार विसर. मला देव दिसला नाही. माती सारखी केल्यावर मी प्रार्थना म्हटली. का, ते सांगता येत नाही, पण म्हटल्याशिवाय राहवलं नाही. तिचा चेहरा तुला दुसऱ्यांदा बघायला मिळाला नाही, आणि या वेळी तो मी मिळू दिला नाही. राग येईल. येऊ दे.

आलास तर दाखवायला माझ्याकडे ओली माती आहे आणि एक रिकामी पेटी. तेवढ्यावर येणार असशील, तर ये.

दाखवायला काही नसताना तुझी वाट बघणारी,
दोनिंग