टेबलाखालचा संघ

स्पर्धेचे संयोजक सर यांना,
कडेगावच्या क्रांतीचा नमस्कार.

साताऱ्याच्या रोबोट स्पर्धेत आमच्या शाळेच्या नावापुढं तुम्ही 'गैरहजर' लिहिलंत. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सर, आम्ही सकाळपासून तिथंच होतो. कुणाची वायर तुटली, कुणाचं चाक निखळलं, की सगळे आमच्याकडं धावायचे, कारण माझ्या संघातल्या पूजानं जादाचं सामान पिशवी भरून आणलं होतं. तुम्ही आमचं नाव पुकारलंत तेव्हा आम्ही दोघी दुसऱ्या एका संघाच्या टेबलाखाली बसून त्यांच्या रोबोटला आमची मोटर बसवत होतो. त्या गोंगाटात ऐकूच आलं नाही. ढाल त्याच संघानं जिंकली.

आमचे आजोबा, आण्णा, फौजेतले. त्यांच्या लेखी गैरहजर म्हणजे पळून गेलेला. भीत भीत सगळं सांगितलं, तर म्हणाले, "पळाला न्हाईसा न्हवं? मग त्या संघाचं नाव घालून साहेबाला लिव्ह की!"

लिहायला बसले आणि तिथंच अडले. दुसऱ्याची मदत घेणाऱ्याला बाद करायचा नियम तुमच्याकडं आहे का, कुणास ठाऊक. विचारावं, तर तुम्ही त्यांना शोधत बसणार. म्हणून नाव लिहीत नाही आणि हे पत्रही टाकत नाही. राग मात्र जात नाही.

पुढच्या वर्षी आम्ही येणार आहोत. पुकारूनही दिसलो नाही, तर जरा दुसऱ्यांच्या टेबलांखाली वाकून बघा.

तुमच्या कागदावर गैरहजर असलेली,
क्रांती