दीपेशच्या कंपनीचा कोड आणि आमची सात घरं

चिरंजीव दीपेश यास,

वरंधहून हैबतीकाकाचे आशीर्वाद. तुझी काकू आनंदीबाई डावा गुडघा सोडून सगळी खुशाल आहे. तू वेळेवर जेवतोस ना? (फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र लिहितोय.)

तुला रजा मिळाली नाही, पण आत्याच्या मुलीचं, दर्शनाचं लग्न पुण्यात थाटात झालं. तिथल्या हॉटेलात आम्हा दोघांना खोली स्वस्तात मिळावी म्हणून तू तुझ्या कंपनीचा कोड दिला होतास. तो टाकल्याबरोबर भाडं निम्म्यावर आलं. मोबाईल हातात धरून मी आळीभर फिरलो. आपल्या घराण्यातल्या पोराच्या कंपनीचं नुसतं नाव घातलं आणि पुण्याचा हॉटेलवाला नमला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. साहजिकच मी तो कोड गावकीच्या बैठकीत वाचून दाखवला. (कुणाला देऊ नका, असं तू म्हणाला होतास. पण गावकी म्हणजे परकी माणसं का?) लालबागला आपल्या गावाची खोली होती, तिथे घराचं नाव सांगितलं की वळकटी टाकायला जागा मिळायची. मी स्वतः तिथे अकरा वर्षं काढली, कुणी कार्ड विचारलं नाही. कंपनीचंही तसंच असणार, हे मी सगळ्यांना नीट समजावलं आणि सात घरांनी सात खोल्या घेतल्या.

घाट बंद होता, म्हणून ताम्हिणीचा वळसा घालून टेम्पोने पोचलो. हॉटेलच्या दारात तुझ्या कंपनीच्या मंडळींचं स्वागत करणारा फलक होता. त्याच्याशेजारी उभं राहून मी फोटो काढून घेतला. आपल्या शेजारच्या चांगूने तर आत शिरताना चपला काढल्या. मग काउंटरवरच्या बाईंनी प्रत्येकाकडे कंपनीचं कार्ड मागितलं. मी म्हटलं, आम्ही सगळे दीपेशचेच. तेवढ्यात मॅनेजर आले आणि कंपनीत तुमचं काम काय, असं त्यांनी चांगूला विचारलं.

"माझं काय काम नाय," चांगू म्हणाला, "आमचा पोरगा हाय ना तिकडं."

मॅनेजरांनी सातही खोल्यांची नोंद उघडून पाहिली. मग म्हणाले की हे कंपनीला कळवावं लागेल, आणि ज्याने कोड वाटला त्याची नोकरीही जाऊ शकते. तेव्हा मात्र पैशांची पिशवी आधी मीच काउंटरवर ठेवली, तुझ्यापासून काय लपवू. सातही घरांनी घासाघीस न करता पूर्ण भाडं भरलं.

तुझा,
हैबतीकाका

ता. क. मी मॅनेजरांना लिहून दिलंय की दीपेशने मला कोड दिलेला नाही, तो झोपलेला असताना मी त्याच्या मोबाईलमधून चोरला. खाली माझी सही आहे. (साक्षीदार चांगू.) कंपनीने विचारलं तर तूही तेच सांग. काकाला चोर म्हणताना अडखळू नकोस. तुझी नोकरी राहिली की माझी मान ताठच आहे. फलकाचा फोटो मी भिंतीवर लावलाय.

आणखी एक ता. क. गणपतीला आलास की मोबाईल उशाशी उघडा ठेवून झोप. दिवाळीनंतर चांगूची मुलगी आवडी हिचं लग्न आहे, तेही पुण्यातच, आणि मी लिहून दिलेलं खोटं ठरायला नको.