हळू चालण्याचे इंग्रजी शब्द

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

मी असं कसं केलं! ह्यांना सांगितलं नाही. सांगायची हिंमतच नाही.

चार वाजताची बॅच होती. राजधानी झाल्यापासून रायपुरात ज्याला त्याला इंग्रजी पाहिजे. मंत्रालयात भरती निघणार म्हणे, म्हणून पोट्ट्या माझ्याकडे धावत येतात. आज हळू चालण्याचे शब्द घेतले. फळ्यावर लिहिलं – स्ट्रोल, सॉन्टर, ट्रज, शफल. श्रावणी लगेच, "मॅडम, सबका मतलब तो धीरे-धीरे चलना ही है ना! एक से काम नहीं चलेगा?" हिच्या घरी सगळे मराठी बोलतात, ही उत्तर देणार हिंदीत.

म्हटलं, नाही चालणार बाई. जेवून बूढ़ा तालाबाकडे फेरफटका मारला तर स्ट्रोल. मला काय कोणाची पडली, असं ऐटीत डुलत गेलं तर सॉन्टर. थकूनभागून, एकेक पाऊल जड झालेलं – तो ट्रज. करूनही दाखवलं, पदर खोचून! पोट्ट्या खूश. मीही चढले.

तेवढ्यात नाना खोलीतून निघाले. माझे सासरे. त्यांची खोली रस्त्याकडे, न्हाणीघर मागे अंगणात, आणि मधल्या खोलीत माझा क्लास. दिवाळीत लकवा झाला तेव्हापासून उजवा पाय उचलत नाही, फरशीवर घासत जातो. काठी टेकत ते वर्गातून चालले होते, आणि मी – मी हातातला खडू त्यांच्याकडे करून म्हटलं, "लुक! दिस इज शफल!"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा!

नाना दाराशी थांबले. भिंतीला हात लावला. मागे वळून पाहिलं नाही. तसेच अंगणात गेले.

जन्म रेल्वेच्या ऑफिसात गेला त्यांचा. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं.

७ फेब्रुवारी

क्लास चालू असताना नाना बाहेर आले नाहीत. अंगणातल्या रोजच्या फेऱ्याही बुडाल्या.

९ फेब्रुवारी

आजही नाही. चार ते सहा दार लोटून बसतात. चहा नेला तर, "नको, पोट जड आहे." चहाला नाही म्हणणारा माणूस नाही हो हा! काल मुद्दाम शिरा केला. वाटीभर जास्त साजूक तूप घालून माफी मागायची, हे बरं जमतं मला. तोंडानं मात्र एक शब्द निघत नाही.

शिरा खाल्ला त्यांनी. "छान झाला," म्हणाले. मला रडू यायचं बाकी होतं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नाना दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. आज लक्षात आलं. तांब्या भरून ठेवते तो संध्याकाळी तसाच भरलेला. औषधाच्या गोळ्या कोरड्या गिळतात!

"नाना, पाणी काहून नाही पिऊन राहिले?"

"तहान नाही ना."

तहान नाही कसली! पाणी प्यायलं तर उठावं लागेल, उठलं तर वर्गातून जावं लागेल. मला कळत नाही का? कळतं. म्हणून आडून आडून विचारलं, क्लासचा त्रास होतो का तुम्हाला, वर गच्चीवर नेऊ का?

"नाही वं. पोट्ट्या शिकून राहिल्या, शिकू दे त्याइले. गच्चीवर ऊन लागन."

इतकं चांगलं वागू नका हो नाना. एकदा बोला मला काय बोलायचं ते.

१५ फेब्रुवारी

समता कॉलोनीत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटरी दाबून पाहिली आणि माझ्यावरच डाफरले, "चलाते क्यों नहीं आप लोग इनको? पैर अकड़ रहा है. ऐसे ही बैठे रहे तो महीने भर में बिस्तर पकड़ लेंगे."

मी खाली मान घातली. नाना म्हणाले, "नहीं डॉक्टर साहब, बहू का क्या दोष. मैं ही आलसी हो गया हूँ."

रिक्षात त्यांच्या शेजारी बसले, पण बघितलं रस्त्याकडे. रात्री ह्यांनी विचारलं, बाबा चालत का नाहीत? मी म्हटलं, थंडी आहे ना. खोटारडी! आमच्या ब्राह्मणपाऱ्यात सगळे म्हणतात, विनायकची बायको किती करते सासऱ्याचं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज ठरवलंच होतं. क्लास नाही, हे बाजारात गेलेले. नानांजवळ खाली बसले. "नाना, त्या मंगळवारी वर्गात..." एवढंच बोलले, आणि त्यांनी हात वर केला.

"हव. मले समजलं तुले काय म्हणायचं आहे. मीच लाजून राहिलो विजया, कोणत्या तोंडानं बोलू."

मला काही कळेना. तुम्ही कशाला लाजता?

"घाई लागली होती त्या दिवशी. ह्या अंगाले आता कळतच नाही काही. मागून धोतर ओलं झालं असंन, पोट्ट्यांनी पाह्यलं. म्हणून तं हासल्या त्या! न्हाणीत पाय धुतले तं सारंच भिजलं, आधीचं ओलं कोणतं, समजलंच नाही. सुनेच्या विद्यार्थिनींसमोर... लेकरासारखं..." मग हळूच म्हणाले, "तू घरात कोणाजवळ बोलली नाही. चांगली आहेस."

म्हणजे त्यांनी ऐकलंच नव्हतं! शफल नाही, लुक नाही, काहीच नाही. फक्त हसणं ऐकलं होतं.

आणि मी काय म्हटलं? "जाऊ द्या नाना, म्हातारपणी होतं असं." हे म्हटलं मी! सुटले, असं वाटलं क्षणभर. खरंच वाटलं. ह्याहून खाली आणखी काय जायचं असतं?

१९ फेब्रुवारी

नानांनी आज दुपारच्या जेवणातलं वरणही सोडलं. म्हणे पातळ काही नको.

श्रावणीनं विचारलं, "मॅडम, दादाजी आजकल दिखते नहीं?" मी तिच्यावर उगाच ओरडले.

२० फेब्रुवारी

सांगितलं. पोट्ट्या यायच्या वेळेलाच सांगितलं, म्हणजे मला पळता येणार नाही. खडू दाखवला, शब्द सांगितला, मीसुद्धा हसले तेही सांगितलं.

नानांनी एकच विचारलं.

"म्हणजे धोतर कोरडं होतं?"

"कोरडं होतं, नाना."

त्यांनी डोळे पुसले. तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. मग अंगणात जायला काठी मागितली. मी आधाराला हात पुढं केला, तो धरला नाही.